शांघायची तार आणि पक्षपंधरवडा

प्रथम तिथी देतो, कारण तिथींशी वाद घालता येत नाही.

भाद्रपद वद्य द्वितीया : मी शांघायहून आमच्या व्यापारी मंडळास नाशिकला तार केली. तृतीया, दुपार : ती मंडळाच्या कचेरीत पोचली; पावतीवर चिटणीसांची सही आहे. त्रयोदशी : उत्तराची मुदत संपली. सर्वपित्री अमावास्या : समोरच्या व्यापाऱ्याने आपण होऊन वाढवून दिलेली मुदतही संपली. आश्विन शुद्ध प्रतिपदा : घट बसले, आणि मंडळाने होकाराची तार केली. कार्तिक शुद्ध दशमी : मंडळाने निवेदन छापले की, चिनी व्यापाऱ्यांनी व्यवहार नाकारला आणि येवल्याच्या विणकर-प्रतिनिधीची रेशमाची पारख अपुरी पडली. हे सर्व सन १९३५ मधील.

आता जबाबदार कोण ते. पहिले अध्यक्ष, ज्यांनी उत्तर लांबणीवर टाकले. दुसरे चिटणीस, ज्यांनी ते लांबणीवर टाकल्याचे लपवले. तिसरे कार्यकारिणीचे सभासद, ज्यांनी निवेदन न वाचता त्याखाली सह्या केल्या. चौथा मी. चाळीस वर्षे नाशिकच्या कोर्टात उभा राहून प्रत्येक अशिलाला ‘लेखी घ्या, लेखी घ्या’ असे बजावणारा मी, मंडळाच्या वतीने करार करण्याचे मुखत्यारपत्र न घेता बोटीवर चढलो. अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही नुसती तार करा, उलट तारेने उत्तर देतो.” मी ऐकले. तेवढ्यापुरता मी आरोपी आहे आणि आरोप कबूल करतो.

निवेदन वाचल्यावर मी मंडळास सहा पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही. म्हणून जे घडले ते प्रवासाच्या क्रमाने, ज्यांनी तो प्रवास केला नाही त्यांच्यासाठी लिहितो. संताप पुष्कळ आहे; पण खरे सांगायचे तर या वयात त्याहून थकवा अधिक आहे.

कशासाठी गेलो

येवल्याच्या पैठणीतले पुष्कळसे रेशीम चीनमधून येते, हे ती नेसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ते शांघायहून मुंबईस उतरते, दोन-तीन दलालांच्या हातांतून जाते, आणि येवल्याला धाग्याची लडी सोडली की कळते, वरचे पदर एका प्रतीचे आणि आतले दुसऱ्या. धागा जागोजागी तुटतो, आणि विणकराचे दिवस विणण्याऐवजी सांधण्यात जातात. माल चीनच्या व्यापाऱ्याकडून थेट आणावा, एवढाच मंडळाचा ठराव होता. काही स्वदेशीभक्तांनी मला खरमरीत पत्रे पाठवली. त्यांस माझे उत्तर असे की, हे रेशीम आजही येतेच आहे; ते कोणाच्या हातून यावे एवढाच प्रश्न आहे.

मंडळाने दोघांना पाठवले. कायदा आणि इंग्रजी येते म्हणून मला, आणि रेशीम कळते म्हणून इब्राहिमभाईंना. इब्राहिमभाई येवल्याचे, पन्नाशीचे. कच्चे रेशीम रहाटावर उकलून त्याला पीळ द्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी विणकरांच्या आळीत सर्वांसमक्ष सांगितले, “दिवाळीपत्तोर थेट चीनचं रेशीम येवल्यात येईल. हा माझा शब्द हाय.” त्या शब्दावर मागवाल्या विणकरांनी मुंबईच्या दलालांकडे दिवाळीची मागणी नोंदवलीच नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे जे बुडाले ते हे.

समुद्रावर

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. समुद्र शांत व्हावा म्हणून आदल्या दिवशी नारळ वाहिलेला, पण समुद्राला तो पोचला नसावा. चौथ्या दिवसापर्यंत माझ्या पोटात पाणीही ठरेना. मी बरोबर मेतकूट, पोहे, गूळ आणि एक पितळी पातेले घेतले होते आणि माझे मी शिजवून खाणार होतो. पण पातेल्यापर्यंत जाण्याची ताकद राहिली नाही.

इब्राहिमभाई डेकवर आपली चूल निराळी मांडत. माझ्या डब्याच्या जवळूनही जाताना अंग चोरत. त्या दिवशी ते वाडग्यात तांदळाची पेज घेऊन माझ्या केबिनच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले.

“साहेब, भांडं माझं हाय. चालंल का?”

“आत्ता काहीही चालेल, इब्राहिमभाई.”

“मंग नाशकात सांगू का, का वकीलसाहेबांनी माझ्या भांड्यातली पेज खाल्ली म्हणून?”

“सांगा. हवे तर लेखी देतो.”

ते इतके हसले की थोडी पेज सांडली. उरलेली मी खाल्ली, आणि ती पोटात ठरली. त्यानंतर चोवीस दिवसांच्या त्या वाटेवर आमची चूल एकच झाली. फक्त ते त्यांचे मटण दुपारी, मी पलीकडे गेल्यावर शिजवीत. कोणी नियम केला नव्हता. न लिहिलेला नियम इतका काटेकोर पाळला गेलेला मी उभ्या हयातीत दुसरा पाहिला नाही.

सिंगापूर मागे पडल्यावर गणेशचतुर्थी आली. चहूकडे पाणी; मी सुपारी मांडून पूजा केली आणि गुळाचा खडा नैवेद्य म्हणून ठेवला. एक चिनी खलाशी बराच वेळ पाहत उभा होता. प्रसाद दिला तो त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि लगेच खाल्ला नाही; आधी कपाळाला लावला. हे त्याला कोणी शिकवले होते कोण जाणे.

शांघाय, भाद्रपद शुद्ध दशमी

शांघायला समुद्रातून नव्हे, नदीतून जातात. वांगपू नदीच्या पाण्याचा रंग गोदेला पूर आल्यावर असतो तसाच, पण तिचा तो बारमाही. शिडांच्या होड्यांच्या पुढच्या टोकावर दोन्ही बाजूंस मोठे डोळे रंगवलेले. आणि काठाला मुंबईच्या कोट विभागालाही खाली पाहायला लावतील अशा इमारती.

जकातीच्या धक्क्यावर माझा मेतकुटाचा डबा पकडला गेला. पिवळसर पूड पाहून अंमलदाराने दोन शिपाई बोलावले. मी इंग्रजीतून, हे डाळींचे पीठ आहे, असे तीन वेळा सांगितले. इब्राहिमभाईंनी इंग्रजीची वाट पाहिली नाही. चिमूटभर मेतकूट स्वतःच्या जिभेवर टाकले आणि डबा अंमलदारापुढे धरला. “खाके देखो, साहब!” त्याने नाक आत घातले आणि अशी शिंक दिली की निम्मे मेतकूट त्याच्या गणवेशावर गेले. आम्हांला सोडण्यात आले.

धक्क्यावर आम्हांस घ्यायला रुस्तमजी आले होते. हे पारशी गृहस्थ तीस वर्षे शांघायमध्ये व्यापार करून राहिलेले. चिनी अस्खलित आणि मराठी मुंबईच्या वळणाची. आमचे दुभाषी तेच. माझे खाणेपिणे ऐकून त्यांनी मला बौद्ध भिक्षूंच्या शाकाहारी खानावळीत नेले. पानात आला तो अख्खा मासा, खवल्यांसकट आणि डोळ्यांसकट. मी उठून उभा राहिलो.

“अरे बसो नी, वकीलसाहेब!” रुस्तमजी म्हणाले. “कसला मासा! कडधान्याचा दाणा हाय तो. दळून, दाबून बनवते हे लोक.”

“जे खायचे नाही त्याचे रूप पानात कशाला?”

“ते तर तुमच्या मनाला विचारायला पायजे. मासा बघून कोण उठला? तुमी उठला.”

मी बसलो. चव उत्तम होती. डोळ्याची जागा मात्र मी सोडली.

इब्राहिमभाईंची सोय त्यांची त्यांनीच लावली. दुसऱ्या दिवशी गल्लीत एका खानावळीच्या पाटीवर चिनी अक्षरांच्या वर अरबी अक्षरे त्यांना दिसली. ते आत गेले, सलाम केला, आणि पांढऱ्या टोपीतल्या चिनी म्हाताऱ्याने सलाम परत केला. बोलायला दोघांत आणखी एकही शब्द समान नव्हता. तासाभराने परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. “साहेब, इतक्या लांब यून बी कुणीतरी आपलं म्हणलं. पैसं घेईनाच तो.”

वूशी

ज्यांच्याशी बोलणी व्हायची ते व्यापारी चेन, माझ्याच वयाचे, हाडकुळे, फार सावकाश बोलणारे. त्यांचा रेशीम उकलण्याचा कारखाना आगगाडीने काही तासांच्या अंतरावर, वूशी गावी. शांघाय सोडताना रुळांच्या बाजूने तीन वर्षांपूर्वी जपानशी झालेल्या लढाईत पडलेल्या भिंती अजून तशाच दिसल्या. पुढे मात्र सगळे पाणी, तुतीची बुटकी झाडे आणि इगतपुरीच्या बाजूला असतात तशी भाताची खाचरे. डोंगर तेवढे कोणी उचलून नेल्यासारखे.

कारखान्यात ओळीने बायका बसलेल्या. समोर उकळत्या पाण्याची भांडी, त्यांत रेशीमकिड्यांचे कोसले तरंगताहेत, आणि त्या नुसत्या बोटांनी धाग्याचे टोक शोधताहेत. बोटांची कातडी पांढरी, सोललेली. इब्राहिमभाई तिथे पुष्कळ वेळ उभे राहिले. आम्ही सोवळे म्हणून जे नेसतो ते या भांड्यांतून येते. मेलेल्या किड्यांचा तो वास ज्याने एकदा घेतला तो सोवळ्याची व्याख्या पुन्हा तपासून पाहील. मी ती अजून तपासतोच आहे.

अर्धी भांडी थंड होती. चेन म्हणाले, युरोप-अमेरिकेचे गिऱ्हाईक आटले, जपानचा माल स्वस्त. नवे गिऱ्हाईक मिळाले तर हवेच आहे. मात्र ज्याला रेशीम कळत नाही त्याला ते विकत नाहीत, कारण तो पुढे बदनामी करतो. एवढे बोलून त्यांनी तीन लड्या इब्राहिमभाईंपुढे ठेवल्या.

आता निवेदनातल्या ‘अपुऱ्या पारखे’विषयी, मी या डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. इब्राहिमभाईंनी पहिल्या लडीचा धागा ओला करून नखावर ओढला आणि ती बाजूला ठेवली. दुसऱ्या लडीचा धागा कानाशी धरून तुटेपर्यंत ताणला. तिसरी नुसती हुंगली.

“ही पयली नव्या कोसल्याची, बेस. ही दुसरी जुन्या कोसल्याची, लय दिस पडून ऱ्हायलेली. अन् तिसरी...” ते चेनकडे पाहून हसले, “तिसरीत दोन्ही मिसळल्यात. आमाला मुंबईवाला हीच देतो, शेठ.”

रुस्तमजींनी हे सांगताच चेन उठले, आतून चांगल्या चहाची दुसरी किटली मागवली आणि पहिला पेला इब्राहिमभाईंना दिला. मला दुसरा. पुढची सर्व बोलणी त्यांनी इब्राहिमभाईंकडे पाहून केली. मी कागद करणारा, इतकीच माझी किंमत राहिली आणि ती योग्य होती. इब्राहिमभाईंनी मागणी केली ती अशी : लडी गुंडाळताना धागा एकाच जागी न टाकता आडवातिडवा जाळीसारखा टाकावा, म्हणजे येवल्याच्या रहाटावर तो अडकत नाही. चेननी मुकादमाला बोलावून तिथल्या तिथे एक लडी तशी करवून घेतली. इब्राहिमभाईंनी ती उकलून पाहिली. धागा एकदाही तुटला नाही.

“हे जर मला वीस वर्सांपूर्वी मिळालं असतं,” ते मला म्हणाले, “तर माझ्या बापाचं डोळं गेलं नसतं, साहेब. सांधता सांधता गेलं.”

भाद्रपद पौर्णिमा

त्या रात्री चिनी लोकांचा चंद्राचा सण असतो. जाड सारणाच्या गोल पोळ्या करतात. आमच्या साटोऱ्या त्यांच्यापुढे अशक्त दिसतील. चेननी आम्हांला संध्याकाळीच आपल्या शांघायच्या पेढीवर बोलावले, कारण देण्याघेण्याची जुनी प्रकरणे मिटवून नवी त्या दिवशी धरण्याची त्यांच्याकडे रीत आहे.

पेढीच्या मागच्या खोलीत एका चौरंगावर लाकडी पाट्या उभ्या होत्या. पूर्वजांची नावे. पुढे भात, फळे, उदबत्ती. चेननी कराराचा मसुदा हातात घेतला आणि त्या पाट्यांसमोर उभे राहून तो मोठ्याने वाचून दाखवला : येवल्यासाठी शरदातल्या कोसल्याचे रेशीम राखून ठेवावे, लड्या सांगितल्याप्रमाणे बांधाव्यात, नाशिकच्या मंडळाचा होकार वद्य त्रयोदशीपर्यंत तारेने यावा, न आल्यास माल परदेशी पेढीच्या बोटीवर जाईल. तारखा अर्थातच त्यांच्या पंचांगाच्या होत्या. तिथीशी मेळ मी घातला.

“हे वाचन कशाला?” मी रुस्तमजींना विचारले.

“बापजाद्यांना साक्षी ठेवते ते. उद्या शब्द फिरवला तर कोणाला तोंड दाखवेल?”

चेननी काहीतरी विचारले. रुस्तमजी माझ्याकडे वळले. “तो विचारते, तुमच्याकडे पितर व्यवहारात येतात का?”

मी म्हणालो, येतात. त्या वेळी मला वाटले, मी होकारार्थी आणि मानाचे उत्तर दिले.

दुसरा दिवस सणाचा आणि तर्जुम्याचा गेला. द्वितीयेला तार केली.

वाट पाहणे

या दिवसांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. रोज सकाळी आम्ही दोघे तारऑफिसात जात असू. पहिल्या दिवशी मी माणसाने ओढायच्या रिक्षात बसायला नकार दिला. माझ्यासारखाच एक म्हातारा ती ओढत होता. इब्राहिमभाई म्हणाले, “तुमी नाय बसला तर त्याची भाकर बुडते, साहेब.” मी बसलो, आणि सबंध वाट त्याचा श्वास ऐकत गेलो. पाचव्या दिवसापासून तारऑफिसातला कारकून आम्ही दारात दिसताच मान हलवू लागला.

वद्य अष्टमी ही माझ्या वडिलांची तिथी. राहत्या खोलीत तीळ, पाणी आणि भाताचे पिंड, जमेल तेवढे केले. इब्राहिमभाई दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले, कोणी आत येऊ नये म्हणून. बाहेर आल्यावर म्हणाले, “काय म्हणलं वडील?”

“म्हणाले, तार आली का?”

“मंग त्येंनाच धाडा की नाशकाला.”

नवमीला दुसरी तार केली. तिच्यात दोनच शब्द : उत्तर द्या.

त्रयोदशीला चेन स्वतः आमच्या बिऱ्हाडी आले. रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरे झाले असते. रुस्तमजींनी त्यांचे म्हणणे सांगितले : “तो विचारते, तुमच्या मंडळात कोणी वारला का? एवढे दिवस कोणी बोलत नाय म्हणजे घरात मरण झाला असेल. तसा असेल तर तो दोन दिवस थांबते.”

माझ्या माहितीप्रमाणे कोणी वारले नव्हते. मी तसे सांगू शकलो नाही. मी म्हणालो, थांबावे, उपकार होतील. ते अमावास्येपर्यंत थांबले. अमावास्येला रेशीम बोटीवर चढले आणि भरतीबरोबर बोट गेली. दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला, तार आली : होकार, पुढे जा.

इब्राहिमभाईंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

“होकारच हाय ना?”

“होकारच.”

“मंग हा कागदच चढवू या मागावर.”

त्यानंतर परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत. पेज मात्र रोज दिली.

नाशिक

धनत्रयोदशीला मुंबईस उतरलो. इब्राहिमभाई नाशिकरोडला न थांबता तसेच मनमाडवरून येवल्याला गेले. दिवाळीत तिथे कितीतरी माग रिकामे होते, हे मला दुसऱ्यांकडून कळले. त्यांनी मला कळवले नाही.

मी मंडळाच्या कचेरीत गेलो. चिटणीसांनी फराळाचे ताट पुढे केले.

“वकीलसाहेब, बसा, बसा. प्रकृती उतरली हो तुमची.”

“माझी तार तृतीयेला मिळाली?”

“मिळाली तर! लगेच अध्यक्षांकडे नेली. पण पक्षपंधरवडा होता ना. अध्यक्ष म्हणाले, पितरांच्या दिवसांत परमुलखाशी नवा करार नको. घट बसले की होकार कळवू. आणि कळवला की! पहिल्याच दिवशी.”

“मग उत्तर घटस्थापनेला देऊ, एवढे तरी तारेने कळवायचे.”

“तेच तर! नुसते कळवायचे तरी ती सुरुवातच झाली ना? आणि काय हो, पंधरा दिवसांत चीन कुठे पळून जाणार होता?”

“चीन नाही पळाला. रेशीम गेले.”

“बरं, मग तसंच लिहू ना निवेदनात.”

“तसंच म्हणजे कसं?”

“हेच, की तिकडून जमले नाही. चकली घ्या.”

मी चकली घेतली नाही. पण ‘तिकडून जमले नाही’ हे शब्द नाकारायला तिथल्या तिथे कागद मागायला हवा होता, तो मागितला नाही. महिना न होता ‘तिकडून’चे ‘चिनी व्यापाऱ्यांनी नाकारले’ झाले, आणि दोष कोणाच्या तरी पदरात घालायचा म्हणून तो सभेत ज्याला बोलता येत नाही अशा माणसाच्या पदरात घातला गेला.

कोणी असे समजू नये की मी श्राद्धपक्षाची थट्टा करतो. मी दरवर्षी पक्ष करतो आणि यंदा तो परमुलखात केला. परंतु पितृपक्षात आलेल्या पत्राला उत्तर देऊ नये, असे वचन कोणत्या ग्रंथात आहे ते अध्यक्षांनी दाखवावे. विवाह नको, गृहप्रवेश नको, हे समजले. ज्याला वचन दिले त्याला वाट पाहायला लावावी, हे कुठे सांगितले आहे? आणि निषेध एवढा कडक असेल तर कोर्टाच्या नोंदीत मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे : त्याच पंधरवड्यात, वद्य दशमीस, अध्यक्षांनी आपल्या भाडेकऱ्यावर नवा दावा दाखल केला. दाव्याला पितर आड आले नाहीत. ते फक्त येवल्याच्या रेशमाला आड आले. दूरदेशीच्या त्या चेननी आपल्या पितरांना शब्द पाळण्यासाठी साक्षीला बोलावले, आणि आम्ही आमच्या पितरांना शब्द न देण्याचे निमित्त केले.

येवला

मागच्या आठवड्यात मी येवल्याला गेलो. इब्राहिमभाईंनी चहा दिला आणि रुस्तमजींचे पत्र माझ्याकडून वाचून घेतले. चेन कळवतात की, वसंतातल्या कोसल्याचे रेशीम येवल्यासाठी राखायला ते तयार आहेत. चैत्रापर्यंत होकार हवा. मी म्हणालो, आता मंडळ बाजूला ठेवू, मागवाल्यांनी स्वतः सह्या कराव्यात. कागद मी करून देतो. या खेपेस मुखत्यारपत्रासह.

तेवढ्यात शेजारचे एक विणकर दारावरून जात होते. इब्राहिमभाईंनी त्यांना हाक मारून पत्राचे सांगितले. ते उंबऱ्यावरच थांबले.

“चाचा, तुमाला चीनवाल्यानी नाय म्हणलं ना? मंडळानी छापलंय. तुमाला पारख नाय म्हणं. मंग आता परत कशाला आमची दिवाळी घालवता?”

तो मनुष्य गेल्यावर इब्राहिमभाई मला म्हणाले, “बघा साहेब. छापलेलं खरं, अन् मी बोललेलं खोटं. तीस वर्सं ह्या आळीत माझ्या बोटावर रेशीम घेतात लोक. आता लडी दिली तर आधी उजेडात धरून बघत्यात.”

कराराचा कोरा कागद मी तसाच पिशवीत घालून परत आणला. निवेदन मागे घेतल्यावाचून त्यावर एकही सही होणार नाही, आणि चैत्र काही कोणासाठी थांबणार नाही.

म्हणून मंडळाच्या अध्यक्षांस माझी जाहीर मागणी आहे. मला खाजगी पत्र पाठवू नये. मी ते उघडणार नाही. माझ्या घरी फराळाचे बोलावणे धाडू नये. या महिन्याच्या आत, बाजाराच्या दिवशी, त्यांनी येवल्याच्या विणकरांच्या आळीत उभे राहून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि तेच उत्तर स्वतःच्या सहीने छापावे : चीनने नाही म्हटले, की तुम्ही गप्प बसलात? वेळ तुम्ही ठरवा, मुहूर्तही तुम्हीच काढा. इब्राहिमभाई समोर बसलेले असतील. जे काही सांगाल ते त्यांच्याकडे पाहून सांगा.